आंघोळीच्या बाई

आंघोळीच्या बाई शिकवताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभ्या राहायच्या, वर्गाबाहेर काढलेल्या पोरीसारख्या. खरं नाव वानखडे बाई. अमरावतीच्या एका विशेष शाळेतून निवृत्त झालेल्या. पण त्या माझ्या थोरल्या बहिणीला, छायाताईला, आंघोळ शिकवायला यायच्या म्हणून आमच्या गल्लीने त्यांना हे नाव पाडलं. ताई तेव्हा पस्तिशीची होती. समज लहान मुलीएवढी, आणि जन्मापासून तिला आंघोळ आईनेच घातलेली.

आईला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आणि घरात एकच काळजी उरली, पुढे ताईचं कोण करणार. बाबा कधीच गेलेले, मी सासरी वरूडला. अकोल्याच्या एका निवासी संस्थेत जागा होती, पण तिथे येणाऱ्या मुलीला आंघोळ आणि पाळीचे दिवस स्वतःचे स्वतः सांभाळता यायला हवेत, अशी अट होती. नाही जमलं तर जागा दुसरीला जाणार होती.

पहिल्याच दिवशी बाई आईला म्हणाल्या, "तुमी गेल्यावर कोन घालून देनार हाये तिले आंघोळ? आजपासून हात मांग घेत जा." आई दिवसभर रडली. आईच्या आजारपणात मी माहेरी आले होते, मला बाईंचा असा संताप आला की विचारू नका.

त्यांची रीतही उलटी. आंघोळ सगळी आईने घालायची, फक्त शेवटी ओला टॉवेल खिळ्याला अडकवायचा तो ताईने. ते जमलं की कपडे घालणं, मग अंग पुसणं, असं मागे मागे सरकत साबणापर्यंत यायचं. "शेवट तिच्या हातानं झाला की तिले वाटते, सारं म्याच केलं," असं त्या म्हणायच्या. एकदा हात धरून दाखवलं की त्यांचे हात पुन्हा पाठीमागे. डोळ्यात साबण जाऊन ताई किंचाळली तरी त्या आईला जागची हलू द्यायच्या नाहीत.

पाळीचे दिवस सांभाळायला आणि आतून कडी लावायलाही त्यांनीच शिकवलं. "लाज तिलेबी हाये. तुमीच इतके वर्सं दार उघडं ठेवलं."

संस्थेत पाहणीला गेलो त्या दिवशी ताई टॉवेल घेऊन तिथल्या न्हाणीघरात शिरली. कडी लागली. पाण्याचा आवाज आला, मग थांबला. मग बराच वेळ काहीच नाही. तिथल्या अधीक्षिका घड्याळाकडे बघू लागल्या. आईला धाप लागली होती. ती उठायला गेली तशा बाई दारासमोर आडव्या येऊन उभ्या राहिल्या. आतून ताईचं बारीक कण्हणं ऐकू यायला लागलं.

"बाई, आत काहीतरी झालंय," मी म्हणाले.

"झालं असन. तिले पाहू द्या."

आवाज नेहमीचाच होता, पण कान दाराला लावलेला होता.

कडी निघाली. ताई बाहेर आली. केस ओले, गाऊनची बटणं नीट लावलेली, आणि टॉवेल हातातच. त्या न्हाणीघरात खिळा नव्हता. दांडी होती, पण ताईच्या लेखी दांडी म्हणजे खिळा नव्हे, आणि टॉवेल खिळ्यावर गेल्याशिवाय तिची आंघोळ संपत नव्हती. तिने आम्हा सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. मग ती बाईंपाशी गेली, टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि हसली.

बाईंनी हात पुढे आणले नाहीत. ओला टॉवेल तसाच खांद्यावर ठेवून त्या अधीक्षिकांना म्हणाल्या, "इथं एक खिळा पायजे. चूक माही हाये, तिची नाही."

जागा मिळाली. पुढच्या खेपेला बाई स्वतः हातोडी घेऊन अकोल्याला गेल्या आणि खिळा ठोकून आल्या. तरी त्या भेटायला गेल्या की ताई खिळा सोडून टॉवेल त्यांच्याच खांद्यावर टाकायची. "मंग खिळा कायले ठोकला म्या?" असं करवादायच्या, आणि पदर भिजला तरी तशाच उभ्या राहायच्या. माझा सगळा राग तिथेच कधीतरी विरघळला.

आई अजून आहे. बाई मात्र गेल्या उन्हाळ्यात गेल्या. ताईला भेटायला जाते तेव्हा मी खांदा पुढे करून बघते. ती माझ्याकडे क्षणभर पाहते आणि टॉवेल खिळ्याला अडकवते.