मास्तरांची कादंबरी बारीक होत गेली

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते, म्हणून घरातही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. दिवसभर कापड कापायचं आणि संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून तिथेच कादंबरी लिहायला बसायचं. पहिली तीन वर्षांत झाली. दुसरीला आठ लागली. त्यातली दोन लिहिण्यात गेली, बाकीची खोडण्यात.

"लोकांच्या नवऱ्यांना बाटलीचं व्यसन असतं, आमच्या यांना खोडरबराचं," बहीण म्हणायची.

मास्तर हसायचे. "ताई, कापड आधी कापतात, मग शिवतात. गोष्टीचं उलटं. आधी शिवायची, मग कापत बसायची."

मनासारखं झालं की ते कारखान्यातून आणलेल्या लाल पट्टीने कागदांचा गठ्ठा बांधायचे आणि वर दुहेरी गाठ मारायचे. ती गाठ पडेपर्यंत प्रकाशकाकडे एक पान जायचं नाही. बहिणीला ताकीदच होती, "मी बांधलं नाही, तर ते माझं नाही."

तिसरी कादंबरी रिटायर झाल्यावर सुरू केली. एका गल्लीतल्या घराची गोष्ट, माणसांनी गजबजलेली. त्यात एक बडबडी मोठी बहीण होती, न विचारता कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरणारी. मी आपली ओळीखाली बोट ठेवून वाचणारी, पण ती बाई मला लगेच ओळखू आली.

"मास्तर, ही मी का?"

"छे हो, तुम्ही एवढं कमी कुठे बोलता?"

पहिला खर्डा उशाला घ्यावा एवढा जाड होता. दुसऱ्यांदा लिहिला तेव्हा निम्मा झाला. आम्ही खूश. प्रकाशकही फोनवर म्हणाले, "मास्तर घट्ट करताहेत, करू द्या." शेजारचा दारुडा काका गेला, वरच्या मजल्यावरचं जोडपं गेलं. आम्ही म्हटलं, वा, काय हात चालतोय. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा बडबडी बहीणही गेली.

मी फुगून बसले. माझं काय चुकलं, कुठे जास्त बोलले, याचा हिशेब करून झाला. शेवटी राहवेना, म्हणून जाऊन सरळ विचारलं, "मास्तर, मला का हो हाकललंत?"

त्यांनी जुनं पान काढून समोर धरलं. "ही बाई आहे कोण? मधेच येते, बोलते, जाते. मला तर हिचा काही संबंधच लागेना."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी खो खो हसले. भांडी घासणारी बहीण हसली नाही. तिने नळ तसाच सोडला आणि मला ओढत गॅलरीत नेलं.

"काल विचारत होते, या घरात आई कशाला आहे? ताई, ते कापत नाहीयेत गं. ज्याची ओळख पटत नाही त्याला बाहेर काढताहेत. आणि आपण वाहवा करत बसलो."

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. तिला कळलं होतं तेच डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं.

वर्ष सरेपर्यंत कादंबरीत एकच माणूस उरला, जिन्यात बसलेला. तेवढीच चार पानं मास्तर रोज सकाळी नव्याने लिहायचे. प्रकाशक म्हणाले, जुना जाड खर्डा पाठवा, आम्ही छापतो. बहीण अडून बसली.

"त्यांनी बांधलेला नाही."

"अगं बाई, आता ते काय बांधणार?"

"मग नाही जाणार. त्यांचं नसलेलं त्यांच्या नावावर मी खपवणार नाही."

मी चिडले, बोलले, रडले. ती हलली नाही. पण एक दिवस ट्रंकेतून तो जाड खर्डा काढून तिने टेबलावर ठेवला. मास्तर वाचू लागले. मी समोर बसून राहायची, जीव मुठीत धरून. आता पेन्सिल उचलतील, आता कोणालातरी घराबाहेर काढतील. पेन्सिल हाताशीच होती. त्यांनी ती उचलली नाही. परक्याचं पुस्तक वाचावं तसं वाचत होते. बडबडी बहीण आली तेव्हा पोट धरून हसले.

"काय बाई आहे! अशी असते का हो कोणी?"

"असते की," मी म्हटलं. "लवकर मरतही नाही."

चार-पाच दिवसांनी शेवटचं पान संपलं. त्यांनी गठ्ठा टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. खण उघडला. लाल पट्टी काढली, गुंडाळली आणि वर दुहेरी गाठ मारली. हातांना काही विचारावं लागलं नाही. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

"ज्यांचं असेल त्यांना सांगा, झालंय," ते म्हणाले. "आता हात लावू नका म्हणावं." मग बहिणीकडे पाहून अदबीने विचारलं, "तुमच्याकडे कोणी लिहितं का?"

"लिहायचे," ती म्हणाली.

"फार वेळ लागतो हो त्याला."

"हो ना," म्हणत तिने गठ्ठा छातीशी धरला आणि चपला घालून निघाली. दार लागल्यावर मास्तर माझ्याकडे झुकले. "चांगल्या होत्या बाई. कोण होत्या?"