शिवाजी पेठेतला ट्रॉयचा घोडा

ग्रीक देवांना घरच्या माणसांसारखं वागवणारा जगात आता एकच माणूस उरला असेल, तर ते माझे सासरे. तिकडे ग्रीसमध्ये त्या देवांची देवळं ओस पडून युगं लोटली. पण इकडे कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, सकाळच्या चहाबरोबर झ्यूस अजून गरजतो. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पावणं. मलकापूरहून मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी ना शेती विचारली, ना नोकरी. "पावणं, अकिलीस कोण म्हाईत हाय का?" एवढंच विचारलं. मला वाटलं, आधी येऊन गेलेलं एखादं स्थळ असावं.

हे वेड त्यांना टाचेतून लागलं. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाचे गोलकीपर. एका सामन्यात अशी काही उडी घेतली की टाचेमागची शीरच तुटली. डॉक्टर म्हणाले, "अकिलीस टेंडन." मामांनी विव्हळत विचारलं, "ह्यो अकिलीस कुठल्या तालमीचा?" डॉक्टर रसिक निघाले. प्लास्टर घालता घालता त्यांनी सांगितलं, की बाळाला कुठलंही शस्त्र लागू नये म्हणून आईनं त्याला पाताळातल्या नदीत बुडवलं, पण टाचेला धरून. तेवढी टाच कोरडी राहिली आणि पुढे तिथंच बाण लागून तो मेला. मामा दुखणं विसरून उठून बसले. "आवो, ही तर गांधारी! आन् ह्यो दुर्योधन! त्येची मांडी ऱ्हायली, ह्येची टाच!" त्या दिवशी फुटबॉल सुटला आणि ग्रीस जडला.

मग काय, त्यांना जिथं तिथं ग्रीक दिसू लागले. सासरी असताना मी बायकोला सहज "पॅनिक होऊ नकोस" म्हणायचा अवकाश, आतल्या खोलीतून आरोळी येणार, "पॅन! बोकडाच्या पायाचा देव! रानात मेंढरं बुजवायचा त्यो!" म्युझियम पाहायला नेलं, तर आत जायच्या आधी तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाला त्यांनी नऊ कलादेवींची ओळख करून दिली. म्युझियम हा शब्दच मुळी त्या बायकांच्या घराचा, हे त्या बिचाऱ्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. वेदांमधला द्यौस् आणि त्यांचा झ्यूस एकाच मुळातून आले, हे वाचलं त्या दिवशी तर त्यांनी गल्लीत पेढे वाटले. "भावकीच की आपली!" तपशिलात मात्र कुणी चुकलेलं खपायचं नाही. एका मेहुण्यानं मेडुसाच्या डोक्यावर नागांऐवजी विंचू बसवले, तर त्याच्याशी कित्येक दिवस अबोला. सासूबाई म्हणायच्या, "माज्या म्हायेरच्या चार मानसांची नावं येत न्हाईत, पन त्या झ्यूसची समदी पोरं तोंडपाठ! आन् ती काय थोडी हाईत व्हय?"

त्या सासूबाई गेल्या वर्षी ध्यानीमनी नसताना गेल्या आणि मामांचा ग्रीस एकाएकी बंद पडला. नुसते बसून राहायचे. एकदा माझ्या बायकोनं मुद्दाम विचारलं, "आबा, मेडुसाच्या डोक्यावर विंचू होते ना?" मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "असतील." बायको स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून थेट तालमीच्या अध्यक्षांकडे गेली आणि यंदा गणपतीसमोर ट्रॉयच्या घोड्याचा देखावा करा, म्हणून हटून बसली. अध्यक्ष जुने पैलवान, मामांचे दोस्त. "करू की," म्हणाले, "पन शेपूट किती लांब ठेवायचं, ते त्येलाच ईऊन सांगाय लाव."

मामा आधी नुसते बघायला गेले. दुसऱ्या दिवशी घोड्याच्या आयाळीवरून पेंटरशी भांडून आले. घरात पुन्हा आवाज घुमू लागला! प्लायवूडचा तो घोडा इतका माजला, की मंडपाकडे नेताना तालमीच्या लोखंडी कमानीत त्याची मान अडकली. कुणीतरी करवत आणली. मामा आडवे आले. "मानंला हात लावायचा न्हाई! कमान काढा! ट्रॉयवाल्यांनी बी वेस पाडूनच आत घेतलता!"

अध्यक्षांनी विचारलं, "आन् मग फुडं काय झालं त्येंचं?"

मामांनी पाना पुढं केला. "त्ये सांगतो मागनं. आधी बोल्ट काढा."

कमान उतरली, घोडा आत गेला आणि ढोल-ताशांचा एकच कल्लोळ उठला. मग रोज आरती झाली की मामा माईकवर. नुसती मुंगीला वाट नाही अशी गर्दी! एका संध्याकाळी हुपरीहून आलेल्या एक बाई पुढं होऊन म्हणाल्या, "मामा, आपल्या सावित्रीनं यमाकडनं नवरा परत आणला. तिकडं बायकूला आणाय कोन गेलं न्हाई व्हय?"

मामांनी माईक खाली घेतला.  मग पुन्हा तोंडाशी धरून गोष्ट सुरू केली. ऑर्फियस नावाच्या गवयाची नवी नवरी साप चावून गेली. ऑर्फियस वीणा घेऊन पाताळात उतरला. अशी वाजवली, असा गायला की यमाच्याही डोळ्यांत पाणी आलं. "घीऊन जा म्हनला. पन उजेडात पोचस्तवर मागं वळून बघायचं न्हाई." गर्दी श्वास रोखून उभी. "आन् ऑर्फियस चालला... चालला... आन् दोघं बी घराकडं आली." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या बाईंनी पदरानं डोळे टिपले.

घरी परतताना मला राहवलं नाही. "मामा, खऱ्या गोष्टीत तो शेवटच्या घडीला वळून बघतो ना?"



"बघतोय की," मामा म्हणाले. "पन आज मी त्येला वळू दिलं न्हाई."