खिळा न ठोकलेलं घर

आमच्या साडूभाऊंइतकं स्वतःच्या घरावर प्रेम करणारा माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत दुसरा नव्हता, आणि मला त्यांचा जितका हेवा वाटला तितका जन्मात दुसऱ्या कुणाचा वाटला नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हणजे एरवीही मानाचाच माणूस. त्यात मढचं त्यांचं ते घर! पहिलं महायुद्ध संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या काळात त्यांच्या आजोबांनी बांधलेलं. सागवानी खांब, मंगलोरी कौलं, रंगीत फरशी, दारावर रंगीत काचांची कमान. मे महिन्यात आमच्या बेल्ह्याच्या स्लॅबखाली माणसाची भाकरी भाजायची आणि साडूभाऊ भर दुपारी अंगावर चादर ओढून झोपायचे. ही बातमी बायको मला दर उन्हाळ्यात न चुकता द्यायची.

पाहुण्याला चहाच्या आधी घर पाहावं लागे. भिंतीत खिळा ठोकायला सक्त मनाई. कॅलेंडर खांबाला सुतळीनं बांधलेलं. टीव्हीचा अँटेना अंगणातल्या चिंचेवर, त्यामुळे ऐन सामन्यात वानर आलं की चित्र गायब. थोरल्या मुलाच्या हळदीला मांडववाल्यानं खांबाशी नुसता खिळा धरला, तर वरबाप पंगतीतून उष्ट्या हातानं धावले. "आरं, तुझ्या कपाळात ठोकू का त्यो?"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जुन्या वास्तूंची नोंद ठेवणारी पुण्याची काही मंडळी घर पाहायला येणार, पसंत पडलं तर दारावर वारशाची पाटी लागणार, असा फोन आला. साडूभाऊंचे पाय जमिनीवर ठरेनात आणि माझ्या घशाखाली घास उतरेना.

आता आमच्याकडे मोठे पाहुणे यायचे म्हणजे घराला रंग द्यायचा, ही पिढ्यांची रीत. साडूभाऊंनी तेच केलं. सागवानी खांबांना गुलाबी ऑइलपेंट, भिंतींना आकाशी डिस्टेंपर आणि रंगीत फरशीवर नवंकोरं प्लास्टिकचं जाजम! मीही त्या दिवशी मुद्दाम हजर होतो. पुण्याच्या बाईंनी खांबावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "हे कधी केलंत?"

"तुमच्यासाठीच की!" साडूभाऊ फुलून म्हणाले.

"आम्हाला जुनंच बघायचं होतं हो," बाई म्हणाल्या. चहा पिऊन मंडळी गेली. पाटी काही आली नाही. खोटं कशाला बोलू, परतताना मी मोटरसायकलवर गाणं म्हणत होतो.

पुढच्या रविवारी बायकोनं विचारपूस करायला पिटाळलं. पाहतो तर साडूभाऊ खाली बसून काचेच्या तुकड्यानं खांब खरवडतायत. चेहरा पार उतरलेला. गाणं कुठल्या कुठे गेलं. दुसरा तुकडा उचलून मीही समोर बसलो. रंग निघाला तसा सागाचा वास आला आणि माझे डोळे भरले. आमचं जुनं घरही त्याच काळातलं. वडिलांनी स्लॅबच्या हौसेपायी ते पाडलं आणि खांब ट्रकमध्ये घालून विकले. त्याबद्दल मी साडूभाऊंपाशी कधी चकार शब्द काढला नव्हता.

तेच मान वर न करता म्हणाले, "तुमचं लगीन ठरवाया आमी बेल्ह्याला आलो व्हतो, तवा तुमचं जुनं घर पाह्यलं. काय त्ये खांब, राव! त्या दिशी घरी येऊन मी जेवलो न्हाई. लई जळलो. तवापासनं ह्या घराला जपाया लागलो."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत ते?"

"जळतोय आसं कुनी सांगतं का, पावणं?"

पुढचे कित्येक रविवार आम्ही दोघं तसे समोरासमोर बसून खरवडत होतो. साडूभाऊ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घर खणखणीत उभं आहे, मुलं नीट राखतात. कोपऱ्यातल्या एका खांबाच्या मागं थोडा गुलाबी रंग राहून गेलाय, गेलो की मी तिथं उगीच हात फिरवतो. आमच्या घराचे खांब कसे होते, हे आता सांगितलं तरी कुणाला खरं वाटत नाही. माझ्यावर जळणारं असं एकच माणूस होतं.