चपला घालताना सांगितलेला आजार

दवाखान्यात तीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, धूळ बसावी तसे आपोआप बसतात. मी लहान मुलांचा डॉक्टर, दवाखाना नाशिकरोडला. मित्र जमले की 'एखादा होऊन जाऊ दे' म्हणून आग्रह होतो आणि मी हसवणारे सांगतो. एक मात्र टाळत आलो. त्यात मी एका आईचं ऐकलं नाही आणि त्याची किंमत तिच्या मुलाने मोजली.

केबिनमध्ये यायचं तर चपला बाहेर, असा आमचा नियम. रिसेप्शनवरच्या सुनीताताई एकदा म्हणाल्या, "सर, तुमच्यासमोर लोक सर्दी सांगतात. खरा आजार चपला घालताना आठवतो त्यांना." मी हसलो होतो. हसण्यावारी न्यायला नको होतं.

*

नांदगावचे एक वडील मुलाला एकटेच घेऊन आले. ताप कधीपासून? "थांबा, हिला विचारतो." फोन. उलटी झाली का? पुन्हा फोन. कुठल्या औषधाची ॲलर्जी? फोन! शेवटी मी वय विचारलं, तर त्यांचा हात परत खिशाकडे.

तेवढ्यात पोरगं म्हणालं, "सहा. मम्मीला नका लावू आता, ती कामावर आहे."

*

वणीच्या एक आजी सुनेला बोलूच देत नसत. प्रश्न सुनेला, उत्तर आजींचं. एकदा वैतागून मी म्हणालो, "आजी, बाळाला दूध तुम्ही पाजता का?"

आजी म्हणाल्या, "पाजत नाय, पण ध्यान माझंच राहतं."

मी हसलो, आजी हसल्या. सून हसली नाही. तिला काय सांगायचं होतं ते मी तेव्हाही विचारलं नाही.

*

एक शिक्षिका कागदावर प्रश्न लिहून आणायच्या. एकदा सोळा निघाले. मी म्हणालो, "मॅडम, पेपर तीन तासांचा आहे का?"

त्या ओशाळल्या. कागदाची घडी पर्समध्ये गेली, ती पुन्हा कधी बाहेर आली नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत शहाणी तीच बाई होती, आणि मी तिचीच टिंगल केली.

*

आता तो टाळलेला. इगतपुरीची मंगल आठ महिन्यांच्या मुलाला सर्दीसाठी घेऊन आली. तपासलं, औषध लिहून दिलं. दाराबाहेर एक पाय चपलेत सरकवत ती म्हणाली, "डॉक्टर, भांडं पडलं तरी हा दचकत नाय."

बाहेरची बाकं भरलेली होती. मी बसल्या जागेवरून म्हणालो, "शांत बाळ आहे. नशीब काढलंत."

नंतर दोनदा आली, तेव्हा फक्त सर्दीच सांगितली. डॉक्टरनेच नशीब काढलंत म्हटल्यावर ती परत कशाला विचारेल?

अडीच वर्षांचा झाला तरी पोरगा बोलेना, तेव्हा कान तपासून घेतले. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. यंत्रं बसवली, बोलायला शिकवणाऱ्या बाई लावल्या. पण बोलणं शिकायची पहिली वर्षं माझ्यापायी वाया गेली, ती काही परत आली नाहीत.

मी माफी मागितली. मंगल म्हणाली, "तुम्ही घाईत होता, डॉक्टर." तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

*

मागच्या महिन्यात ती परत आली. कडेवर सात महिन्यांची मुलगी. मी सुनीताताईंना म्हटलं, कोणाला आत सोडू नका. खुर्ची पुढे केली आणि म्हणालो, "सावकाश सांगा, मंगलताई. अजिबात घाई नाही."

ती बसली नाही. मुलगी माझ्या मांडीवर ठेवली, पिशवीतून स्टीलचा डबा आणि चमचा काढला. मुलीच्या पाठीमागे गेली आणि डब्यावर दाणकन चमचा हाणला.

पोर दचकली आणि तिने भोकाड पसरलं. बाहेर बाकांवरची दोन पोरंही रडायला लागली.

मंगलने डबा पिशवीत ठेवला. "पाह्यलं ना? कागदावर लिहा. मग सर्दीचं सांगते."