पहिल्या वर्षाच्या पोरांचे सर

‘पाहू,’ म्हणायचे आणि मनगटावरचं घड्याळ सोडून पँटच्या खिशात टाकायचे. आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलच्या सरांची ही सवय. कोणी सुट्टी मागितली, कोणी नवा बॉल मागितला, कोणी संघात जागा मागितली, उत्तर तेच आणि घड्याळ खिशात. हो म्हणणार नाहीत, नाहीही म्हणणार नाहीत. मी तीसेक वर्षं त्या ग्राउंडवर काढली, किती सर आले आणि गेले. बोलताना घड्याळ लपवणारा माणूस हा एकच पाहिला. तुम्हीच सांगा, सरळ माणूस घड्याळ काहून लपवेल?

मी चौथी शिकलो. पण त्या कोर्टाची मला जेवढी माहिती आहे तेवढी पुस्तकवाल्यांना नाही. नागपूरच्या उन्हात सिमेंट तडकतं, ते दरसाल मीच भरतो. रेघा मी मारतो. रिंगच्या जाळ्या दोरी आणून मी हातानं विणतो. रिटायर झालो तरी कॉलेजनं मला ठेवून घेतलं, कारण जाळी विणणारा दुसरा माणूस त्यांना मिळाला नाही.

माझं मत पहिल्यापासून पक्कं आहे. हा खेळ जुन्या पोरांचा. आमच्या कोर्टाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात सिमेंट खाली बसलं आहे, तिथं बॉल गुडघ्यापर्यंतही उडत नाही. तिसऱ्या वर्षाच्या पोराला हे झोपेतही माहीत असतं. बाहेरच्या संघाला तो बरोबर त्याच कोपऱ्यात नेतो. पहिल्या वर्षाचं पोरगं स्वतःच तिथं जाऊन फसतं आणि मग बॉलकडे असं पाहतं जसं बॉलनंच दगा दिला.

आणि आमच्या सरांना वेड नेमकं पहिल्या वर्षाच्या पोरांचं. पावसाळा लागला की शाळाशाळांच्या ग्राउंडवर जाऊन उभे राहायचे. कोणाचे पाय मोठे, कोणाचे हात लांब. तिथून दोन-तीन उंट पकडून आणायचे आणि जुनी पोरं बाकावर.

एकदा सकाळी पायरीवर पोहे खाताना मी तोंडावरच विचारलं.

“सर, हे नव्याच्या मागं तुम्ही काहून लागता जी?”

“मामा, नवा पोरगा पडला का वरडते. मले समजते कुठं लागलं ते.”

“आणि जुना?”

“जुना पडला का हसते.”

“मग जुनाच चांगला ना. दम आहे त्याच्यात.”

“पाहू,” सर म्हणाले, आणि पोह्याची प्लेट मांडीवर ठेवून घड्याळ काढायला लागले. आता याला काय उत्तर म्हणायचं?

त्या साली प्रफुल तिसऱ्या वर्षाला होता. नंदनवन वस्तीतला पोरगा, आई डबे करून देते. दोन वर्षं त्यानं बाकावर बसून काढली. पाण्याच्या बाटल्या भरल्या, बॅगा राखल्या, एक शब्द कधी बोलला नाही. आता त्याची पाळी होती. कॉलेजकडून चांगला खेळला तर विद्यापीठाच्या संघात जाणार, तिथं खेळल्याचा कागद मिळाला की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर नाव लावता येणार. त्याच्या आईला ही गोष्ट पाठ होती. मलाही होती. त्याच्याइतका शिस्तीचा पोरगा मी पाहिला नाही. खेळता खेळता दर दोन-चार मिनिटांनी खाली बसून बुटाची लेस बांधायचा. मी बाकीच्यांना म्हणायचो, “पाहा लेकहो, असं नीटनेटकं राहावं माणसानं.”

अन् त्याच साली सरांनी कामठीहून सुमेध आणला. सहा फूट तीन इंच. शेअर ऑटोतून उतरताना आधी गुडघे बाहेर यायचे, मग बऱ्याच वेळानं डोकं. खेळ म्हणाल तर शून्य. पहिल्या दिवशी त्यानं बॉल समोरच्या संघाच्या हातात दिला, दुसऱ्या दिवशी बोर्डावरून मागच्या कडुलिंबात. मी बांबू घेऊन काढायला गेलो तर मागं मागं येऊन म्हणतो, “सॉरी मामा, झाड जवळ वाटलं.” पडला की सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असा “आई वं” करायचा.

पंधरा दिवसांनी संघाची यादी लागली. पहिल्या पाचात सुमेध. प्रफुल बाकावर.

मी प्रफुलला धरलं. “तू काहून बोलत नाही बे?”

“जाऊ द्या ना मामा.”

“कसं जाऊ द्या? तुही जागा आहे ते.”

तो खाली बसून लेस बांधायला लागला.

त्यानंतर मी डोळा ठेवला. सर प्रफुलला सामानाच्या खोलीमागं घेऊन जायचे. खांद्यावर हात, हळू हळू बोलणं. मी झाडू घेऊन तिकडे गेलो की दोघंही गप्प. एकदा प्रफुलचे डोळे लाल दिसले. मी समजलो, दमदाटी आहे. पोरगं गरीब, त्याला गुपचूप बाजूला सारून राहिले, आणि कामठीवाल्याकडून काहीतरी सरांच्या घरी पोचून राहिलं. सुमेध बोलता बोलता म्हणाला होता, कॅन्टोन्मेंटपाशी बाबांचं दुकान आहे. दुकान म्हटल्यावर माझं गणित जुळलं.

एका रविवारी शेअर ऑटोत बसून मी कामठीला गेलो. विचारत विचारत दुकान सापडलं. लोखंडी पेटी, पाण्याचं घमेलं, वर ताडपत्री. सुमेधचा बाप सायकलच्या ट्यूबला पॅच लावत होता. माझ्यासाठी पेटीवर फडकं टाकलं, बस म्हणाला.

“सर येते काय इकडं?” मी विचारलं.

“आले होते दोनदा, पोराले मागाले.”

“मग काही... पाहुणचार?”

“कायचा पाहुणचार जी. चहा बी नाही घेतला. म्हणाले, पोरगा पास झाला पाहिजे, तेवढं पाहा.”

आता विचार करा. दोनदा दुकानावर जाऊन जो माणूस चहाही घेत नाही, तो साधा कसा म्हणायचा? काहीतरी लपवायचं असेल तरच माणूस इतका जपून राहतो. परतीच्या ऑटोत माझा संशय गेला तर नाहीच, दुप्पट झाला.

मग मी प्रिन्सिपल साहेबांना अर्ज लिहिला. कोणाकडून लिहून घेतला नाही, स्वतःच्या हातानं लिहिला. चार दिवस लागले. ‘प्रशिक्षक’ हा शब्द जमेना म्हणून ‘खेळवणारे सर’ लिहिलं. नव्या पोरांना जुन्यांच्या डोक्यावर बसवून राहिले, याचं कारण विचारावं, असा मजकूर. खाली सही, अंगठा नाही.

साहेबांनी सरांना आणि मला, दोघांनाही बोलावलं. अर्ज वाचून दाखवला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू.

“तिसऱ्या वर्षाच्या मुलाला बसवून तुम्ही नवीन मुलाला खेळवता, हे खरं?” साहेबांनी विचारलं.

“खरं आहे.”

“कारण?”

सरांनी घड्याळ काढलं, खिशात टाकलं. “नवा पोरगा शिकून राहिला, साहेब.”

“स्पर्धा काही शिकवणी नाही. त्या मुलाच्या नोकरीचा प्रश्न आहे. पुढच्या सामन्यात तो खेळेल.”

मी ‘पाहू’ची वाट पाहत होतो. सर म्हणाले, “नाही.”

“म्हणजे?”

“मी त्याले खेळवणार नाही.”

“मग दुसरं कोणी खेळवेल.”

सर उठले. मला वाटलं, आता मला काहीतरी सुनावतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बाहेर जाताना दार मात्र हळू लावलं, आवाज होऊ नये असं.

प्रफुलला बातमी द्यायला मी स्वतः गेलो.

“खेळ आता खुशाल. तुह्यासाठी अर्ज केला मी.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. “तुम्ही केला मामा?”

“मग काय तर. मी काय कोणाले भेतो?”

तो खाली वाकून बांधलेलीच लेस पुन्हा बांधायला लागला. मला वाटलं, आनंदानं.

सामना आमच्याच कोर्टावर होता. कॉमर्सच्या एका सरांना संघासोबत उभं केलं होतं, त्यांना शिटी कुठल्या बाजूनं फुंकायची तेही पोरांनीच सांगितलं. आमचे सर आले नव्हते. प्रफुल काय खेळला म्हणता. समोरच्या पोरांना त्यानं तीनदा पूर्वेच्या कोपऱ्यात नेलं, तीनदा बॉल बसला, तीनदा आमचे दोन-दोन पॉइंट. मी तारेपाशी उभ्या लोकांना सांगत होतो, याला म्हणतात तिसरं वर्ष.

दुसरा भाग सुरू झाला. रिंगखाली प्रफुल उंच उडाला, बॉल हातात आला, आणि खाली आला तो एका पायावर. पाय आत वळला. तो पडला. कोर्टावर सगळे थांबले. “आई वं” ओरडला तो सुमेध.

प्रफुल पडल्या पडल्या हसला.

 पोहे खातानाचं सरांचं बोलणं मला त्या क्षणी समजलं, आधी नाही.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी त्यानं सगळं सांगितलं. उन्हाळ्यातच गुडघ्याला मार बसला होता. खेळताना कळ आली की तो खाली बसायचा आणि लेस बांधतो असं दाखवायचा. मला दिसलं ते नीटनेटकेपण, सरांना दिसला गुडघा. डॉक्टरकडे त्यांनीच नेलं. वर्षभर उडी नाही, धावणं नाही, तर जुळून येईल, असं डॉक्टर म्हणाले. पण भरतीच्या आधी अशी गोष्ट फुटली तर नाव खराब, या भीतीनं पोरानं सरांना आईची शपथ घातली. कोणालाच सांगायचं नाही, त्याच्या आईलाही नाही.

“सर म्हणत, औंदा बस. पुढच्या साली एम.ए.ले नाव टाक. मग तू पहिल्या वर्षाचा होशीन. तवा तुले मी पहिल्या पाचात घेतो.”

“मले काहून नाही सांगितलं?” मी म्हणालो. “मी काय गावभर बोंबलणारा माणूस आहे?”

प्रफुलनं पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, “मामा, तुमच्या पोटात गोष्ट राहत नाही, असं सर म्हणत.”

मला राग आला. अजूनही येतो. साहेबांसमोर हा सर एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? मीच अर्ज मागं घेतला असता. घेतला असता की नसता, ते सांगता येत नाही, पण बोलून तर पाहायचं. कधी कधी वाटतं, मला खाली पाहायला लागावं म्हणूनच हा माणूस गप्प बसला. तुम्ही म्हणाल, शपथ होती. असेल. पण माझ्या मनातून ते जात नाही.

ऑपरेशन झालं. चालता येईल, भरतीचं धावणं विसरा, असं डॉक्टर म्हणाले. प्रफुलच्या आईनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट चहा दिला. म्हणाली, सर रोज दुपारी येऊन बसतात. त्या दिवसापासून मी सकाळी जायला लागलो.

सरांचं काम मानधनावरचं, साल दर साल पत्र यायचं. त्या साली त्यांना पत्र आलं नाही. कोणी म्हणे जरीपटक्याकडच्या एका शाळेत लहान पोरी खेळवतात. मी चौकशी केली नाही. नवे सर आले, ते घड्याळ घालूनच बोलतात आणि हो किंवा नाही लगेच सांगतात. सुमेध आता बॉल कडुलिंबात टाकत नाही. त्याला पूर्वेचा कोपराही कळला आहे.

पुढच्या जुलैत ॲडमिशन सुरू झाल्या. फॉर्म आजकाल मोबाइलवर भरतात, पण कागद दाखवायला खिडकीपाशी रांग लावावीच लागते. मी तारेजवळ गवत काढत होतो. पाहिलं तर एम.ए.च्या रांगेत प्रफुल, बगलेत कुबडी. आणि बाजूला सर, हातात त्याच्या कागदांची फाइल. अंगात तोच निळा शर्ट, केस थोडे जास्त पिकलेले.

मी विळा टाकून उभा राहिलो. आता कशाला, हे मला समजेना. ज्या पोराला उडी मारता येणार नाही, त्याला पहिल्या वर्षाला बसवून या माणसाला काय मिळणार? बास्केटबॉलशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. मी बराच विचार केला. कुठूनही त्याचा फायदा सापडला नाही.

रांग लांब होती, ऊन पडलं होतं. मी सामानाच्या खोलीतून माझी लोखंडी खुर्ची काढली, फडक्यानं पुसली आणि नेऊन प्रफुलच्या मागं ठेवली. सर काहीतरी बोलणार होते. मी थांबलो नाही, सरळ परत आलो आणि गवत काढायला बसलो. पण नजर तिकडेच होती. प्रफुल बसला. रांग एक माणूस पुढं सरकली की तो कुबडीवर उठायचा, सर खुर्ची उचलून एक पाऊल पुढं ठेवायचे आणि ती हलत नाही ना ते हातानं दाबून पाहायचे, मग तो बसायचा. असं खिडकीपर्यंत चाललं, दीड-दोन तास.

मग मला हाक मारायला कोणी आलं नाही. सर त्यानंतर कॉलेजात दिसले नाहीत.

ऑफिस बंद झाल्यावर खुर्ची आणायला मीच गेलो. खिडकीची फळी लागली होती. खुर्ची भिंतीच्या सावलीत सरकवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती, बसणाऱ्याला ऊन लागू नये अशी. मी तिच्यावर थोडा वेळ बसलो.