शेठजींचं सागवानी पिस्तूल

त्या प्रकरणाची आठवण निघाली की मला आधी हसू येतं, आणि मागोमाग लाज वाटते. निवृत्त होऊन आता थोडी वर्षं झाली. या प्रकरणातली माणसं हयात आहेत, म्हणून गावाचं आणि कोणाचंही नाव लिहीत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या बाजारपेठेच्या एका गावात मी पोलीस निरीक्षक होतो. एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच आमच्या वर्द्या शिवणारा शिंपी केबिनमध्ये आला. दार लोटून घेतलं आणि पिशवीतून एक लाकडी वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवली. तळहातात मावेल एवढं चपटं पिस्तूल होतं ते. साग तासून केलेलं, चाप आणि नळीसुद्धा नीट कोरलेली.

"हाई काय शे?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"साहेब, मन्हं नाव कोठे येवाले नको. शेठले बंडीमा आत खिसा पाहिजे. मापले हाई दिधं. कोनले सांगू नको म्हने. आते तुम्हीच सांगा, मानूस बरा शे, पन हाई काय करी ऱ्हायना?"

शेठ म्हणजे बाजारातले किराणा दुकानदार. घराणं राजस्थानातलं, तीन पिढ्या इथेच. जैन माणूस. संध्याकाळच्या आत जेवणार, पाणी गाळून पिणार, गुळावरच्या मुंग्या फुंकर घालून बाजूला करणार. अशा माणसाला पिस्तुलाचा खिसा हवा होता. पण मला हसू आलं नाही, कारण शेठ आमचे साक्षीदार होते.

वर्षभरापूर्वी त्यांच्या दुकानासमोर एका मुकादमाने डोंगरातल्या मोलगीकडच्या एका मजुराला लोखंडी पाइपने मारलं होतं. यंदा ऊसतोडीला येणार नाही, एवढंच तो बिचारा म्हणाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. बाजाराचा दिवस, रस्त्यावर शेकडो माणसं, पण जबाबाच्या वेळी प्रत्येकाची पाठ तिकडे होती. एकटे शेठ म्हणाले, "मी पाहिलं. लिहून घ्या." मुकादम जामिनावर बाहेर आला होता आणि महिन्याभरात शेठजींची साक्ष होती.

दुपारी साध्या कपड्यांत मी दुकानात गेलो. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. शेठाणींनी चहा आणला आणि तक्रार केली, "साहेब, यांना जरा सांगा. दहा-बारा दिवस झाले, कंबर धरली आहे, वाकडे बसतात. तेल लावू म्हटलं तर हात लावू देत नाहीत."

त्या आत गेल्यावर मी शिंप्याचं नाव न घेता म्हणालो, "शेठ, कंबरेचं दुखणं बाहेर काढा."

त्यांचा चेहरा उतरला. शर्ट वर करून त्यांनी दुसरं एक लाकडी पिस्तूल काढलं, मग गल्ल्यामागून तिसरं. सोबत एक वही. मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहून त्यांनी रोज कंबरेला बाळगायचं पिस्तूल कोणतं घ्यावं याचा अभ्यास केला होता. प्रत्येक मापाचा लाकडी नमुना करून चार-चार दिवस अंगावर वागवला होता आणि शेरे लिहिले होते. मोठं : हातात छान बसतं, पण गादीवर बसलं की पोटात रुततं. मधलं : उभं असताना दिसत नाही, गोणी उचलताना दिसतं. लहान : कुठेच दिसत नाही, मात्र देवळात जाताना ठेवायचं कुठे?

मी ती वही वाचली आणि मला या माणसाबद्दल फार माया वाटली. अर्धं आयुष्य मी कंबरेला पिस्तूल बाळगलं. त्यातलं जे कळायला मला वर्षं लागली, ते त्यांनी दोन आठवड्यांत लाकडावर शिकून घेतलं होतं.

"आणि परवाना?"

"अर्ज केला तर सहा महिने जातील. साक्ष पुढच्या महिन्यात आहे." ते जमिनीकडे बघत होते. "फोन येतात, साहेब. 'शेठ, मुलगी कॉलेजला कोणत्या बसने जाते ते माहीत आहे,' असं म्हणतात. तुम्ही दिलेल्या नंबरवर तीनदा लावला. दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा म्हणाले, साहेब बंदोबस्तात आहेत."

लाज वाटते ती याची. साक्षीदाराचा जबाब झाला की कागद फाइलला लागतो, आणि माणूस आमच्या डोक्यातून जातो.

पुढचं मी नीट खोदून विचारलं. पंधरा दिवसांपूर्वी एक अनोळखी माणूस गूळ घ्यायला आला होता. गोड बोलला, हळहळला आणि म्हणाला, राज्याच्या हद्दीपलीकडून लहानसं पिस्तूल आणून देतो, तुम्ही फक्त माप ठरवा. शेठजींनी सगळ्यात लहान ठरवलं होतं. मंगळवारी दुपारी बारा वाजता, एसटी स्टँडवर, चौकशीच्या खिडकीजवळ माल मिळणार होता.

इथे मी थबकलो. गावठी हत्यार विकणाऱ्यांच्या बऱ्याच केसेस मी केल्या होत्या. हे लोक गिऱ्हाइकाला नाल्यात बोलावतात, केळीच्या बागेत बोलावतात, तीनदा जागा बदलतात. भरदुपारी गजबजलेल्या स्टँडवर, पोलीस चौकीच्या समोर कोणी माल देत नाही.

"शेठ, मंगळवारी तुम्ही दुकान सोडायचं नाही," मी म्हणालो. "आणि आणखी एक ऐका. शर्टाखाली पिस्तूल लपेल, पण तुमच्या तोंडावरची भीती लपणार नाही. ज्याच्या कंबरेला हत्यार असतं, त्याचा हात सारखा तिथे जातो. मारायला येणारा आधी तेच बघतो."

"मग मी काय करू?"

"ते आता मी करायचं आहे."

त्याच दिवसापासून दुकानाशी एक अंमलदार बसवला आणि मुलीच्या बसमध्ये साध्या वेशातली महिला अंमलदार जाऊ लागली. सोमवारी संध्याकाळी ठाण्याचा फोन वाजला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद करून मला सांगितलं, "सर, निनावी खबर आहे. उद्या बारा वाजता स्टँडवर किराणावाला शेठ बेकायदा पिस्तुलासह सापडेल. लगेच पकडा म्हणाला."

सगळा डाव तिथेच उघडा झाला. पिस्तूल देणारा आणि खबर देणारा आतून एक होते. शस्त्र कायद्याखाली शेठ आत गेले असते, तर त्यांच्या साक्षीवर कोर्टाने कितपत विश्वास ठेवला असता?

मंगळवारी पंच सोबत घेऊन आम्ही स्टँडवर प्रवासी होऊन बसलो. बाराला पाच कमी असताना तो गोड बोलणारा माणूस पिशवी घेऊन आला आणि इकडेतिकडे शेठजींना शोधू लागला. जागेवरच धरला. पिशवीत गावठी पिस्तूल निघालं. ठाण्यात तासभर तो उडवाउडवी करत राहिला. मी आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "तू इथे बसला आहेस. ज्याने पाठवलं तो घरी जेवतो आहे. वकील तुला कोण देणार?"

त्याने टेबलावरच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहब, मेरे को तो बस थैली देनी थी. बाकी सब मुकादम के साले को मालूम."

निनावी फोनही त्या साल्याच्याच मोबाइलवरून आला होता, हे रेकॉर्डवरून निघालं. दोघांवर गुन्हा दाखल झाला आणि मुकादमाचा जामीन रद्द झाला.

नंदुरबारच्या कोर्टात साक्षीच्या दिवशी बचाव पक्षाच्या वकिलांनी शेठजींना हैराण केलं. शेवटी म्हणाले, "तुमचा आवाज कापतो आहे. कोणी पढवून पाठवलं का?"

"नाही साहेब," शेठ म्हणाले. "भीती वाटते म्हणून कापतो. पण पाहिलं तेच सांगतो आहे."

मुकादमाला जन्मठेप झाली.

निकालाच्या दिवशी त्या मयत मजुराची बायको पहाटेपासून जीप बदलत कोर्टात आली होती. तिला मराठी फारसं येत नव्हतं, आमची पावरा या आदिवासी समाजातली एक अंमलदार तिचं बोलणं मराठीत सांगत होती. तिने पदराची गाठ सोडून त्यातला आमचूर शेठजींपुढे धरला. "घरच्या झाडाचा आहे म्हणते," अंमलदार म्हणाली.

शेठ दरवर्षी डोंगरातला आमचूर पोत्यांनी विकत घेत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि ती भरल्यावर बराच वेळ तसेच उभे राहिले. डोळे पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

धीट माणसं मी खात्यात पुष्कळ पाहिली. आमच्या मागे कायदा असतो, वर्दी असते, सोबतीला चार माणसं असतात. त्या माणसाच्या मागे फक्त आम्ही असायला हवे होतो, आणि आम्ही नव्हतो. तरीही त्याने आपला शब्द फिरवला नाही. माणसाला हत्यार घ्यावंसं वाटलं की आधी त्याचा परवाना विचारावा, ते आमचं कामच आहे. पण त्याच वेळी त्याला हेही विचारावं, की तुला कोणाची भीती वाटते आणि आम्ही कुठे कमी पडलो. हे मला एका किराणा दुकानदाराने शिकवलं.