फाईलच्या बांधापलीकडची सात नावं

विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत मी चितेगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर होते. शहरात कुठं गुलाल, कुठं दगड. एसटी बंद, अर्धे कामगार आपापल्या गावी अडकलेले. तरी मी जीपमधून कशीबशी पोचले, कारण कायम करायच्या कामगारांची यादी त्याच दिवशी फ्लॉपीवर मुख्य कचेरीला जायची होती. यादीत नाव नाही तो आणखी वर्षभर हंगामी.

आदल्या दिवशी मी सात नावं नव्यानं चढवली होती. त्यातला एक गंगापूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला, भट्टीवर काम करणारा. जाता-येता दारात थांबून नाव चढलं का विचारायचा. मी तोऱ्यात म्हणाले होते, "चढलं हो! किती वेळा विचारता?"

तोरा असायचाच, प्रोग्राम माझा होता. फाईल थेट मेमरीत मांडायची, मेमरीतल्या पानावर, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यावर, लिहायचं, फाईलमध्ये उतरवायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम बघते. ही विद्या मी नुकतीच शिकले होते, आणि अर्धवटच शिकले होते हे त्या सकाळी कळलं. पडद्यावर सातही नावं दिसत होती, पण फाईल तसूभरही वाढली नव्हती.

जाडजूड पुस्तक काढलं. सिस्टिम मेमरी देते ती अख्ख्या पानानं. फाईल पानाच्या मध्येच संपली, तरी उरलेला कोरा भाग मिळतो. तिथं लिहिता येतं, वाचताही येतं, पण ते फाईलमध्ये जात नाही. आधी फाईल वाढवून घ्यावी लागते. हा काही आमच्याच मशीनचा नखरा नव्हता. नियमच तसा ठरलेला, आणि तो पाळणारी कुठलीही सिस्टिम असंच वागणार. म्हणजे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नाही!

मी शेतकऱ्याची पोर. मोकळी जागा दिसली की पेरायची, ही आमच्या घरची खोड. इथंही मी बांधापलीकडं पेरून बसले होते. पीक डोळ्यांना दिसत होतं, सातबाऱ्यावर मात्र नव्हतं.

सातही जणांचे अर्ज शहरात वकिलाकडे तपासायला गेलेले, आणि तिथं कुलूप. आता ती नावं फक्त कालपासून चालूच असलेल्या मशीनच्या मेमरीत होती. मशीन बंद पडलं की संपलं. आणि चितेगावची लाईट म्हणजे काय सांगावं!

तेवढ्यात साहेब आले. कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर त्यांचं औषध एकच. "एकदा बंद करून चालू करा की," म्हणत त्यांनी बटणाकडं हात नेला.

"हात लावू नका!" मी एवढ्यानं ओरडले की ते हात मागं घेऊन स्टुलावर बसले.

कागद घेतला आणि पडद्यावरून उतरवत सुटले. नाव, बापाचं नाव, गाव, कामावर लागल्याची तारीख. पाचव्या नावाला लाईट गेलीच. मशीनला जोडलेली बॅटरी कोकलायला लागली. तिचा जीव पाच मिनिटांचा. सातवा तो भट्टीवाला. त्याची तारीख लिहून झाली आणि काही वेळातच पडदा काळा झाला.

"सुटले बाई!" म्हणून मी हसायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी थांबेना. साहेबांनी स्वतः उठून चहा आणला.

तासाभरानं लाईट आली. आधी फाईल वाढवली, मग नावं भरली, मग मशीन मुद्दाम दोनदा बंद करून चालू केलं. सातही जागच्या जागी! फ्लॉपी ड्रायव्हरच्या हातात दिली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

एसटी सुरू झाल्यावर काही दिवसांनी तो भट्टीवाला कायम झाल्याचं पत्र घेऊन आला. मला राहवेना. सगळं कबूल केलं आणि शिव्या खायच्या तयारीनं उभी राहिले.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "गेलं असतं तरी मला काय वाटलं नसतं, ताई. आमचं बिऱ्हाड मेंढरामागं. रेशनच्या यादीत नाव नाय, मतदानाच्या नाय. हितंबी गळालं म्हंजे नेहमीचंच, म्हणून भट्टीवर गेलो असतो."

ते मला शिव्यांपेक्षा झोंबलं. "असं कसं? भांडायला नको का? माझ्या नावानं बोंब मारायची!" मी त्याच्यावरच चिडले.

तो पत्राची घडी खिशात ठेवत हसला. "आता भांडीन की, ताई. आता कायम झालोय."